काचेच्या भिंती आणि उपकराचे रस्ते

इमारतींच्या ऊर्जा संहितेची अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. पण तेथे उत्साह दिसत नाही. रस्ते व मेट्रोच्या निधीसाठी राज्ये आग्रही आहेत. पण त्या तिजोरीची किल्ली दिल्लीत आहे. संघराज्याच्या या दोन चेहऱ्यांचा हा ताळेबंद.

८ ऑगस्ट २०२२ हा लोकसभेच्या त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनाचा अखेरचा दिवस ठरला. ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच सभागृह संस्थगित झाले. त्या दिवशी तत्कालीन ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांच्या खात्याची दोन विधेयके सभागृहापुढे होती. पहिले विद्युत कायद्यातील दुरुस्तीचे. ते मांडले जाताच विरोधी बाकांवरून घोषणा सुरू झाल्या, राज्यांच्या अधिकारांवर गदा येत असल्याचा आरोप झाला, आणि अखेर ते विधेयक स्थायी समितीकडे रवाना झाले. दुसरे ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीचे. ३ ऑगस्टला मांडलेले हे विधेयक त्याच दिवशी आवाजी मतदानाने संमतही झाले. डिसेंबरात राज्यसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि १ जानेवारी २०२३ पासून कायदा अमलात आला.

दोन्ही विधेयकांचा विषय राज्यघटनेच्या एकाच नोंदीत येतो. समवर्ती सूचीतील ३८ क्रमांकाची नोंद विजेची आहे. तरीही एकावर रणकंदन आणि दुसऱ्यावर प्रामुख्याने कार्बन बाजाराच्या अंगाने झालेली माफक चर्चा, हा फरक योगायोगाचा नव्हता. पहिल्या विधेयकात वीज वितरणाचा व्यवसाय, अनुदानाचे राजकारण आणि राज्य वीज कंपन्यांचे उत्पन्न गुंतलेले होते. दुसऱ्यात नव्या इमारतीची भिंत किती जाड असावी, खिडकीची काच कोणत्या प्रतीची असावी, असल्या ‘रूक्ष’ गोष्टी होत्या. वास्तविक या दुसऱ्या कायद्याचा परिणाम शहरांवर पुढील पन्नास वर्षे राहणार आहे. पण ज्या अधिकारातून महसूल येत नाही, त्या अधिकारासाठी भांडण्याची आपल्या राजकारणाची रीत नाही.

वीज समवर्ती, भिंत राज्याची

ऊर्जा संवर्धन कायदा संमत झाला तो २००१ मध्ये. त्यातील तरतुदीनुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता ठरविण्याचा अधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने केंद्राला दिला. परंतु केंद्राने संहिता ठरवली म्हणजे ती देशभर लागू झाली, असे होत नाही. पंधराव्या कलमानुसार स्थानिक हवामानाला अनुरूप असे बदल करून ती अधिसूचित करावयाची असते राज्य सरकारने. त्यानंतर नगरविकास खात्याने ती विकास नियंत्रण नियमावलीत अंतर्भूत करावयाची आणि महापालिकेने बांधकाम परवानगी देताना तपासावयाची, असा हा तीन पायऱ्यांचा मार्ग आहे.

या रचनेमागे घटनात्मक कारण आहे. वीज समवर्ती असली तरी जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्य सूचीतील विषय आहेत. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात तर ‘जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन’ आणि ‘रस्ते व पूल’ ही दोन्ही कामे महापालिकांच्या संभाव्य कार्यांच्या यादीत जवळजवळ शेजारी शेजारी आहेत. घटनाकारांच्या पुढील पिढीने शहराकडे एकसंध वस्तू म्हणून पाहिले होते, असे यावरून म्हणता येईल. व्यवहारात मात्र इमारतीची फाइल एका खात्यात आणि रस्त्याची दुसऱ्या खात्यात, अशी फाळणी झाली. तीच आज सर्वांच्या मुळावर आली आहे.

संहिता सांगते काय, हे एकदा पाहिले पाहिजे. देशाचे तिने पाच हवामान विभाग मानले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. मुंबई उष्ण-दमट विभागात, दिल्ली संमिश्र, बंगळूर समशीतोष्ण, जोधपूर उष्ण-कोरड्या विभागात. त्यानुसार छतातून आणि भिंतीतून किती उष्णता आत यावी, दर्शनी भागात खिडक्यांचे प्रमाण किती असावे, वातानुकूलन यंत्रणेची किमान कार्यक्षमता किती, दर चौरस मीटरला दिव्यांवर किती वॅट खर्चावेत, याच्या मर्यादा ती घालून देते. २०१७ च्या संहितेत तीन पातळ्या आहेत. नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत पहिल्या पातळीवर सुमारे २५ टक्के, दुसऱ्या पातळीवर ३५ टक्के आणि तिसऱ्या पातळीवर ५० टक्के वीजबचत अपेक्षित आहे. हे अशक्यप्राय नाही. दिल्लीत जोरबागजवळ पर्यावरण मंत्रालयाचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ मध्ये उभे राहिले. छतावरील सौर पटले आणि सुज्ञ रचना यांच्या बळावर वर्षाची गरज स्वतःच भागवणारी सरकारी इमारत म्हणून त्याचा दाखला दिला जातो. प्रश्न तंत्राचा नाही, तर नियम अमलात आणण्याच्या इच्छेचा आहे.

तीन मंत्री, एक संहिता

या संहितेच्या इतिहासात महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे बरेच आहे. २००१ मध्ये मूळ कायदा झाला तेव्हा ऊर्जा खाते राजापूरचे तत्कालीन खासदार सुरेश प्रभू यांच्याकडे होते. मे २००७ मध्ये पहिली संहिता प्रसिद्ध झाली तेव्हा ऊर्जामंत्री होते महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे. जून २०१७ मधील सुधारित संहितेवर नाव आहे पीयूष गोयल यांचे, जे त्या वेळी राज्यसभेत महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व करीत होते. कायदा, संहिता आणि सुधारित संहिता या तिन्ही टप्प्यांवर केंद्रातील खाते महाराष्ट्राच्या नेत्याच्या हाती होते.

अधिसूचनांच्या यादीतील आरंभीची नावे मात्र दुसऱ्याच राज्यांची आहेत. राजस्थान आणि ओडिशा यांनी २०११ मध्ये पाऊल उचलले. एकसंध आंध्र प्रदेशाने विभाजनाच्या काही महिने आधी, जानेवारी २०१४ मध्ये, संहिता स्वीकारली. पुढे तेलंगणाने तीच वाट चालू ठेवली आणि हैदराबादेत तिची तपासणी ऑनलाइन बांधकाम परवानगीशी जोडली. नकाशे पाहण्यासाठी बाहेरील प्रमाणित तज्ज्ञांची मदत घेण्याची पद्धत तेथे रुजली. गगनचुंबी इमारतींची राजधानी म्हणवणारी मुंबई ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्राचे नाव या पहिल्या फळीत नव्हते. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत सौर उष्णजल यंत्रणा आणि पर्जन्य जलसंधारण यांची सक्ती आहे, हरित मानांकन मिळविणाऱ्यांना जादा चटई क्षेत्राचे प्रोत्साहनही आहे. तथापि प्रोत्साहन आणि किमान बंधन यांत फरक असतो. ज्याला हवे त्याने हरित व्हावे, अशी ही व्यवस्था झाली. कोणालाही एका मर्यादेपेक्षा उधळे होता येणार नाही, असे ती म्हणत नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर हिशेबात आहे. विकासक इमारत बांधतो आणि विकून किंवा भाड्याने देऊन मोकळा होतो. विजेचे बिल भरतो तो भाडेकरू. चांगल्या काचेचा खर्च एकाने करावयाचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यावयाचा, अशा सौद्यात पुढाकार कोण घेणार? महापालिकेचेही तसेच. तिचे उत्पन्न विकास शुल्कातून आणि जादा चटई क्षेत्राच्या अधिमूल्यातून येते. इमारतीने किती वीज वाचवली यावर तिला एक रुपयाही मिळत नाही. बांधकाम परवानगी देणारा अभियंता समासिक अंतर, उंची आणि अग्निशमनाची व्यवस्था तपासतो. भिंतीतून आत येणाऱ्या उष्णतेचे गणित मांडण्यासाठी त्याच्याकडे ना वेळ असतो ना प्रशिक्षण. संहितेसाठी नेमलेली राज्य यंत्रणा, महाराष्ट्रात ‘महाऊर्जा’, ऊर्जा खात्याच्या अखत्यारीत; परवानगी नगरविकासाच्या. दोन खात्यांच्या मधल्या व्हरांड्यात कित्येक अधिसूचना वर्षानुवर्षे बसून असतात, हे मंत्रालयात काम केलेल्या अधिकाऱ्यांना सांगावयास नको.

महसुलाचा प्रश्न आला की तीच यंत्रणा किती तत्पर होते, याचा दाखलाही जवळच आहे. कोविडच्या मंदीत बांधकाम व्यवसायाला उभारी देण्यासाठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जानेवारी २०२१ मध्ये अधिमूल्यात निम्मी सवलत दिली. त्या निर्णयाचे गुणदोष काहीही असोत, एवढी मोठी सवलत देताना बदल्यात ऊर्जा संहितेच्या पालनाची अट घालण्याची संधी होती. ती हातची गेली.

२०२२ च्या दुरुस्तीने राज्यांना आणखी एक अधिकार दिला आहे. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी असलेल्या इमारतींना संहिता लागू होते. राज्यांना वाटल्यास ही मर्यादा ते खाली आणू शकतात. मूळ कायद्यात हा उंबरठा ५०० किलोवॅटचा होता, २०१० मध्ये तो १०० वर आला. शिवाय आता व्यापारी इमारतींबरोबर मोठ्या निवासी संकुलांनाही कायद्याने कवेत घेतले असून २०२४ मध्ये केंद्राने ‘ऊर्जा संवर्धन व शाश्वत इमारत संहिता’ प्रसिद्ध केली आहे. म्हणजे केंद्राने अधिकार ओढून घेतल्याची तक्रार येथे करता येत नाही. उलट, अधिकार दिलेला आहे आणि तो वापरण्याची घाई कोणाला नाही.

जयकर समितीचा वारसा

रस्त्यांच्या निधीची कहाणी नेमकी उलटी आहे, आणि तिचाही आरंभ एका मराठी नावापाशी होतो. १९२७ मध्ये मुकुंदराव रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारी वाढत होत्या आणि रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारे व स्थानिक मंडळे यांना झेपेनासा झाला होता. रस्ते हा राष्ट्रीय हिताचा विषय मानावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा, अशी शिफारस जयकर समितीने १९२८ मध्ये केली. १ मार्च १९२९ रोजी केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा खर्च द्यावा, आणि तो पैसा रस्त्यालाच मिळावा, हे या निधीचे साधे तत्त्व होते. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

२००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने या तत्त्वाला वैधानिक बळ दिले. डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला; प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेला आधार मिळाला तो यातूनच. डिझेलचा उरलेला निम्मा भाग आणि पेट्रोलवरील सर्व उपकर मिळून जी रक्कम होईल, तिचे ५७.५ टक्के राष्ट्रीय महामार्गांना, ३० टक्के राज्यांच्या रस्त्यांना आणि १२.५ टक्के रेल्वेवरील पूल व फाटकांच्या सुरक्षेला, अशी वाटणी कायद्यातच लिहिलेली होती. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम सचिवाला आपल्या हिश्श्याचा अंदाज बांधता येत असे.

२०१८ च्या वित्त कायद्याने हे चित्र पालटले. निधीचे नाव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ झाले. रस्त्यांबरोबरच रेल्वे, जलमार्ग, ऊर्जा, पाणीपुरवठा, इतकेच नव्हे तर सामाजिक सुविधाही त्याच्या छत्राखाली आल्या. नियंत्रण रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून वित्त मंत्रालयाकडे गेले आणि वाटणीचा निर्णय अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे. त्याच अर्थसंकल्पात प्रतिलिटर ८ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर बसवताना मूळ उत्पादन शुल्क २ रुपयांनी कमी केले गेले आणि ६ रुपयांचे अतिरिक्त शुल्क रद्द झाले. पंपावरील ग्राहकाला फरक जाणवला नाही. फरक पडला तो राज्यांच्या खात्यात. कारण मूळ उत्पादन शुल्कात राज्यांचा वाटा असतो, उपकरात नसतो.

२००० सालच्या ८० व्या घटनादुरुस्तीने २७० व्या अनुच्छेदात ही व्यवस्था आली. केंद्राचे जवळजवळ सर्व कर वाटपयोग्य निधीत आले, पण उपकर आणि अधिभार बाहेर राहिले. अपवाद म्हणून ठेवलेली ही खिडकी पुढे दरवाजा झाली. २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण करउत्पन्नात उपकर व अधिभार यांचा हिस्सा सुमारे १० टक्के होता. दशकाअखेर तो सुमारे २० टक्क्यांवर गेला. इंधनाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एक लिटर पेट्रोलवर केंद्राचे एकूण शुल्क ३२ रुपये ९० पैसे होते. त्यातील १८ रुपये रस्ते उपकराचे. वाटपयोग्य असे मूळ उत्पादन शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे. पंधराव्या वित्त आयोगाच्या ४१ टक्क्यांच्या सूत्राने देशातील सर्व राज्यांच्या वाट्याला मिळून लिटरमागे जेमतेम ५७ पैसे आले.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांची कपात केली, ती संपूर्णपणे या रस्ते उपकरातून. त्यामुळे राज्यांच्या हिश्श्याला धक्का लागला नाही, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्या वेळी स्पष्ट केले होते आणि ते खरे होते. राज्येही इंधनावर मूल्यवर्धित कर घेतात आणि त्यावर आपले स्वतंत्र उपकर लावतात; महाराष्ट्रात दुष्काळाच्या नावाने बसवलेला अधिभार सुकाळातही घेतला गेला. पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराबाहेर ठेवण्यावर केंद्र आणि राज्ये यांचे जेवढे एकमत आहे, तेवढे क्वचितच कशावर असेल.

वाटा की कर्ज?

उपकराचा पैसा ज्या कारणासाठी घेतला त्याच कारणासाठी खर्च होतो काय, हा प्रश्न नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी विचारला आहे. २०१८-१९ च्या केंद्रीय लेख्यांवरील अहवालानुसार त्या वर्षी ३५ उपकरांतून सुमारे २ लाख ७४ हजार कोटी रुपये जमा झाले. पैकी संबंधित राखीव निधींमध्ये व मंडळांकडे वर्ग झाले सुमारे १ लाख ६४ हजार कोटी. उरलेली रक्कम संचित निधीतच राहिली. जयकरांच्या तत्त्वाला यापेक्षा मोठा छेद कोणता?

केंद्राचा युक्तिवाद असा की, पैसा अखेर पायाभूत सुविधांवरच जातो. भांडवली खर्चाचे आकडे त्याला पुष्टी देतात. २०१९-२० मध्ये केंद्राचा भांडवली खर्च ३ लाख ३६ हजार कोटी होता. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ११ लाख ११ हजार कोटींची तरतूद झाली. राज्यांसाठीही २०२०-२१ पासून पन्नास वर्षे मुदतीच्या बिनव्याजी कर्जाची योजना आहे. १२ हजार कोटींपासून सुरू झालेली ही योजना २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटींवर पोहोचली. पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज म्हणजे जवळजवळ अनुदानच, हे कोणताही वित्त सचिव मान्य करील.

पण ‘जवळजवळ’ या शब्दातच राजकारण दडलेले आहे. वित्त आयोगाच्या सूत्राने येणारा वाटा हा राज्याचा हक्क असतो. त्याला अट नसते आणि त्यासाठी दिल्लीची वारीही करावी लागत नाही. कर्जाच्या योजनेला अटी असतात, मुदती असतात, प्रस्ताव असतात आणि मंजुरी असते. रस्ते निधीतून राज्यांच्या रस्त्यांना मिळणारी रक्कमही कामनिहाय मंजुरीच्या मार्गाने येते. म्हणूनच महाराष्ट्र सदनातील निवासी आयुक्तांच्या कामाचा मोठा भाग फायलींच्या पाठपुराव्याचा असतो, आणि म्हणूनच सोळाव्या वित्त आयोगापुढे अनेक राज्यांनी करवाटा ४१ वरून ५० टक्के करण्याची मागणी केली.

येथेच इमारत आणि रस्ता यांची पहिली गाठ पडते. २०२२-२३ मध्ये या बिनव्याजी कर्जातील ६ हजार कोटी रुपये नगररचनेतील सुधारणांशी जोडले गेले. इमारत नियमांचे आधुनिकीकरण, नगररचना योजना, हस्तांतरणीय विकास हक्क आणि वाहतूक स्थानकांभोवती दाट वस्ती, ही त्यांतील सूत्रे. पुढच्या वर्षी नगररचना सुधारणांसाठीची रक्कम १५ हजार कोटींवर गेली. राज्य सूचीतील विषयावर केंद्राला थेट कायदा करता येत नसला, तरी तिजोरीच्या दोरीने नियम बदलून घेता येतात, हे यातून सिद्ध झाले. तत्त्वतः यावर आक्षेप घेता येईल. परंतु जी सुधारणा राज्याने आपणहून वीस वर्षांत केली नाही, ती कर्जाच्या अटीने होत असेल तर आक्षेप घेणाऱ्याने आधी आरशात पाहावे, असे कोणी म्हटल्यास त्याला काय उत्तर देणार?

राजधानीचा धडा

अधिकार आणि निधी यांची फारकत झाली की काय होते, याचा धडा दिल्लीत रोज मिळतो. २३९ क-क या अनुच्छेदानुसार जमीन हा विषय दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर आहे. दिल्ली विकास प्राधिकरण केंद्राचे, नवी दिल्ली नगरपालिका परिषदही केंद्राच्या छायेत, आणि ऊर्जा खाते मात्र दिल्ली सरकारचे. अशा स्थितीत इमारतींच्या ऊर्जा संहितेचा जबाबदार धनी कोण, हे ठरवण्यातच वर्षे निघून जातात. त्यातच नोएडा, दिल्ली आणि गुरुग्राम ही एका महानगराची तीन अंगे तीन सरकारांच्या नियमांखाली येतात. नोएडात घर, नॉर्थ ब्लॉकमध्ये नोकरी आणि मुलगा गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीत संगणकासमोर, असे मराठी कुटुंब येथे अपवादात्मक राहिलेले नाही. हवा तीच, उन्हाळा तोच, पण भिंतीचे नियम वेगळे.

वाहतुकीचा निधी तर येथे सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेला. मेट्रोच्या चौथ्या टप्प्यात जमिनीचा खर्च आणि परिचालनातील तोटा कोणी सोसावा, यावर केंद्र व दिल्ली सरकारचे एकमत होईना. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने जमिनीचा खर्च निम्मा-निम्मा आणि तोटा दिल्लीकडे, असा निवाडा दिला. दिल्ली-मेरठ प्रादेशिक जलद रेल्वेच्या बाबतीत जुलै २०२३ मध्ये दिल्ली सरकारने निधी नसल्याचे सांगताच न्यायालयाने तीन वर्षांच्या जाहिरात खर्चाचा तपशील मागवला. आकडा निघाला १,०७३ कोटी. ४१५ कोटींची थकबाकी दोन महिन्यांत देण्याचे आश्वासन पाळले गेले नाही, तेव्हा नोव्हेंबरात जाहिरातींची तरतूदच प्रकल्पाकडे वळवण्याचा आदेश झाला आणि पालनासाठी आठवड्याची मुदत देण्यात आली. निधीचा प्राधान्यक्रम ठरवणे हे विधिमंडळाचे काम. ते न्यायमूर्तींना करावे लागावे, यात केंद्राचे भूषण नाही आणि राज्याचेही नाही.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग धरला आहे. मेट्रो असलेल्या शहरांत मालमत्तेच्या खरेदीवर एक टक्का अधिभार घेतला जातो. २०२० पासून दोन वर्षे त्यात सवलत होती, एप्रिल २०२२ पासून तो पुन्हा सुरू झाला. मेट्रोमुळे घराची किंमत वाढते, तेव्हा घर घेणाऱ्याने मेट्रोला हातभार लावावा, हे तत्त्व जयकरांच्या तत्त्वाशी नाते सांगणारे आहे. निधी राज्यात जमतो आणि राज्यातच खर्च होतो. मात्र तो नेमका कोणत्या मार्गिकेवर खर्च झाला, हे सदनिका घेणाऱ्याला कळण्याची सोय असली पाहिजे. केंद्राकडे उपकराचा हिशेब मागणाऱ्या राज्याने आपल्या अधिभाराचा हिशेब देण्यास कचरू नये.

वाहनतळातील गाठ

यापुढचा काळ या दोन विषयांना आणखी जवळ आणणार आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून इमारतीतील वाहनतळाच्या २० टक्के जागेत विद्युत वाहनांच्या चार्जिंगची सोय असावी, असे सुचवले. वाहन पेट्रोलवरून विजेवर गेले की पंपावरील रस्ते उपकर तेवढ्याने आटतो. त्या वाहनाची ऊर्जा आता इमारतीच्या मीटरमधून जाते. आणि विजेच्या वापरावरील कर हा राज्य सूचीतील ५३ व्या नोंदीनुसार राज्याचा विषय आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. १९२९ पासून रस्त्यांचा खर्च ज्या इंधनकरावर चालत आला, तो पाया हळूहळू केंद्राच्या हातून निसटून राज्यांच्या हद्दीत येऊ घातला आहे. त्या वेळी केंद्र गप्प बसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. किलोमीटरनिहाय पथकर असो की विजेवर नवा उपकर, काही ना काही तोडगा पुढे येईलच, आणि तेव्हा ८ ऑगस्ट २०२२ च्या शांत चर्चेसारखी चर्चा परवडणार नाही. राज्याला त्या वाटाघाटीत वजनाने बोलावयाचे असेल, तर आपल्या इमारती किती वीज वापरतात, वाहने किती आणि वातानुकूलन किती, याची नोंद त्याच्याकडे हवी. ती नोंद ठेवण्याचे साधन म्हणजे हीच ऊर्जा संहिता आणि तिच्या पालनाची तपासणी.

करावयाच्या गोष्टी फार नाहीत. संहितेचे पालन भोगवटा प्रमाणपत्राशी जोडावे. तपासणीसाठी प्रमाणित तज्ज्ञांची यादी करून महापालिकांच्या अभियंत्यांवरील भार हलका करावा. अधिमूल्याच्या उत्पन्नातील छोटासा हिस्सा या तपासणीसाठी राखावा. कायद्याच्या सोळाव्या कलमात राज्य ऊर्जा संवर्धन निधीची तरतूद आहेच. केंद्रानेही रस्ते निधीतील राज्यांचा हिस्सा पुन्हा कायद्यात नमूद करावा आणि उपकरांच्या एकूण प्रमाणावर मर्यादा घालण्याबाबत आंतरराज्य परिषदेत चर्चा करावी. यांतील कोणत्याही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

दरम्यान, काचेच्या इमारती उभ्या राहतच आहेत. आज परवानगी मिळालेली इमारत २०७० मध्ये, म्हणजे भारताने ग्लासगो परिषदेत शून्य उत्सर्जनासाठी मान्य केलेल्या वर्षीही, उभी असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्या भिंतीतून येणारी उष्णता आणि तिचे विजेचे बिल दोन्ही तोवर चालूच राहतील. परवानगीच्या त्या फायलीवर कोणत्या खात्याची सही असावी आणि कोणत्या खात्याने ती आधी वाचावी, एवढे तरी राज्यांनी आता ठरवावयास हवे.